कात्री कुठे लावली आहे?

लॅपटॉपच्या बाजारात ४० हजार घेऊन जाणाऱ्याला फार विचार करावा लागत नाही आणि २ लाख घेऊन जाणाऱ्यालाही नाही. पहिल्याचं काम टायपिंग आणि इंटरनेटपुरतं असतं, ते कशावरही होतं. दुसऱ्यानं डोळे मिटून काहीही उचललं तरी ते बरंच चालतं. खरी पंचाईत ७५ ते ९० हजारांत गेमिंग लॅपटॉप शोधणाऱ्याची. या पैशात वेगवान ग्राफिक कार्ड, चांगला डिस्प्ले, पुरेशी रॅम, थंड राहणारी बॉडी आणि दिवसभराची बॅटरी हे सगळं एकत्र कुणीच देत नाही. लेनोवोचा एलओक्यू घ्या, एचपीचा व्हिक्टस घ्या, असुसचा टफ घ्या नाहीतर एसरचा नायट्रो. किंमत बसवण्यासाठी प्रत्येकानं कुठे ना कुठे कात्री लावलेली असते. ती कुठे लावली आहे हे खोक्यावर छापत नाहीत.

खाली बोलणारी दोघं माझ्या ओळखीच्या चार-पाच जणांवरून बेतलेली आहेत. मामा सांगलीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. पेन्टियमच्या काळात मुंबईला लॅमिंग्टन रोडला जाऊन सुटे भाग पिशवीत भरून आणायचा आणि असेंबल्ड पीसी विकायचा. भाची पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कोथरूडला तिघी मैत्रिणींबरोबर भाड्यानं राहते, व्हॅलोरंट चांगलं खेळते आणि ते घरी लपवत नाही. वडिलांनी ८५ हजार मंजूर केले आहेत, ‘फार तर ९०, त्याच्या वर एक रुपया नाही.’ सोबत अट अशी की मामाला विचारल्याशिवाय घ्यायचा नाही.

मामा : आधी मला सांग, लॅपटॉपच का? एवढ्यात मी तुला पीसी असेंबल करून देतो. एकाच नावाचं कार्ड डेस्कटॉपात जास्त वॅट घेतं आणि जास्त पळतं. चार वर्षांनी जुनं झालं की काढून नवं लावता येतं. लॅपटॉपात ते मदरबोर्डवर सोल्डर केलेलं असतं. कार्ड गेलं म्हणजे बोर्ड गेला, आणि बोर्ड गेला की लोक माझ्या दुकानात येऊन किंमत ऐकतात आणि गप्प बसतात.

भाची : मामा, आमचा भाडेकरार ११ महिन्यांचा असतो. गेल्या वर्षी घर बदललं, या वर्षी परत बदलणार. कॅबिनेट, मॉनिटर, यूपीएस घेऊन मी टेम्पोत बसू का? आणि कॉलेजात प्रॅक्टिकलला, प्रोजेक्टला स्वतःचा लॅपटॉप लागतो. लॅबमधल्या मशीनवर अँड्रॉइड स्टुडिओ उघडेपर्यंत तास संपतो.

मामा : मग असं करू. कॉलेजसाठी सेकंडहँड लॅपटॉप, २५ हजारांचा. उरलेल्या ६० मध्ये पीसी.

भाची : आणि मॉनिटर? यूपीएस? शिवाय आत्ताच्या भावानं नुसती रॅम घ्यायची म्हटलं तरी त्या ६० मधला केवढा भाग जाईल, ते तूच सांग.

मामा काही वेळ गप्प राहिला. रॅमचं त्याला बोलता येईना, कारण तो स्वतःच गिऱ्हाइकांना हल्ली ‘थोडं थांबा’ म्हणतो आहे. डेस्कटॉपचा मुद्दा त्यानं सोडला, मनातून नाही, पण तेवढ्यापुरता. माझ्या मते इथे भाचीची बाजू भक्कम होती. डेस्कटॉप पैशाला जास्त देतो हे खरं. पण ज्याला वर्षाला घर बदलायचं आहे त्याच्यासाठी ते देणं अर्धं वाया जातं.

भाची : मी ठरवलंय तसं. ग्राफिक कार्ड ४०६० घ्यायचं. ४०५० नको, ३०५० तर नकोच नको.

मामा : ४०६० किती वॅटचं?

भाची : म्हणजे?

मामा : म्हणजे तुला नाव विकतायत आणि तू नाव घेतेयस. एनव्हिडियाच्याच कागदावर लॅपटॉपातलं आरटीएक्स ४०६० हे ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कुठेही बसवायला मुभा आहे. ४०५० लाही तेवढीच. कंपनीनं बारीक, देखणा लॅपटॉप काढला की आत हवा खेळत नाही, मग कार्ड ४५-५० वॅटवर बांधून टाकतात. स्टिकर मात्र ४०६० चाच. शेतात ५ एचपीची मोटर बसवायची आणि पुढे अर्ध्या इंचाचा पाइप जोडायचा, तसलं काम. पूर्ण वॅटचं ४०५० कधीकधी अशा बांधलेल्या ४०६० च्या पुढे जातं.

भाची : पूर्वी मॅक्स-क्यू असं लिहायचे ना कमी वॅटच्या कार्डाला?

मामा : लिहायचे. ३००० च्या मालिकेपासून ते नाव लावायची सक्ती गेली. पुढे एनव्हिडियानं कंपन्यांना सांगितलं, वॅटचा आकडा वेबसाइटवर द्या. काही देतात, पण तपशिलाच्या तळाशी, टीजीपी नावाखाली. तो आकडा सापडेपर्यंत पैसे द्यायचे नाहीत.

भाची : ठीक आहे, पण मग तू दुसऱ्या टोकाला जाऊ नकोस. १४० वॅट लिहिलंय म्हणून मी दहा हजार जास्त देणार नाही. ४०५० आणि ४०६० या दोघांनाही साधारण १०० वॅटच्या पुढे दिलं तरी खेळात फ्रेम फारशा वाढत नाहीत, कारण कार्ड व्होल्टेजच्या मर्यादेला आधीच टेकलेलं असतं. बेंचमार्कचे कितीतरी व्हिडिओ बघितलेत मी. आणि तो १४० चा आकडाही ११५ अधिक प्रोसेसरकडून उसने घेतलेले २५ असा जुळवलेला असतो.

मामा : मग किती बघायचे?

भाची : ८० च्या खाली नको. १०० असले तर उत्तम. त्यापुढच्या वॅटला वेगळे पैसे नाहीत.

मामाला हे पटलं. पुढे तो दोनदा तेच वाक्य स्वतःचं असल्यासारखं बोलला, त्याकडे भाचीनं दुर्लक्ष केलं.

मामा : आता दुसरं. तू खेळतेस काय? व्हॅलोरंट आणि काउंटर स्ट्राइक २. व्हॅलोरंट २०२० चं, साध्या कार्डावरही पळावं अशाच बेतानं केलेलं. त्यात कार्डापेक्षा प्रोसेसरवर जोर. मग ४०६० चा हट्ट कशाला?

भाची : कारण मी पुढची चार वर्षं फक्त व्हॅलोरंट खेळणार नाही. सायबरपंक मी अजून सुरू केलेलं नाही. आणि २०२४ च्या डिसेंबरात इंडियाना जोन्सचा खेळ आला. त्याची किमान अट म्हणजे रे ट्रेसिंग करणारं, ८ जीबी मेमरीचं कार्ड. किमान! पुढच्या वर्षी डूम : द डार्क एजेस आला, त्याचीही अट तशीच. ४०५० मध्ये ६ जीबी आहे. म्हणजे आज नवंकोरं घेतलेलं मशीन काही खेळांच्या किमान अटीत बसत नाही. मग ४ जीबीच्या ३०५० चं तर बोलायलाच नको.

मामा : सेटिंग कमी केली की चालतात गं.

भाची : काही चालतात. मेमरी अपुरी पडली की मात्र नुसत्या फ्रेम कमी होत नाहीत, मध्येच खेळ अडखळतो, भिंतींचे रंग चिखलासारखे दिसतात. वॅट कमी पडले तर खेळ हळू होतो; मेमरी कमी पडली तर खेळायची इच्छाच जाते. आणि हे खेळांपुरतंही नाही. मला ब्लेंडर शिकायचंय, तिसऱ्या वर्षाला मशीन लर्निंग आहे. मॉडेल कार्डाच्या मेमरीत मावलं पाहिजे, नाहीतर ते सुरूच होत नाही.

मामा : म्हणजे नाव कुठलंही असो, मेमरी ८.

भाची : हो. म्हणूनच आता ५०५० बघतेय. २०२५ मध्ये आलं. कोअर ४०५० एवढेच, पण मेमरी ८ जीबी. सेलमध्ये आपल्या बजेटच्या जवळ येतं.

मामा : ५०५०? त्या जाहिरातीत लिहिलंय बघ, जुन्यापेक्षा फ्रेम कितीतरी पट! असं असेल तर प्रश्नच मिटला.

इथे भाची मोठ्यानं हसली. वॅटच्या बाबतीत नावाला न फसणारा मामा फ्रेमच्या आकड्याला बरोबर फसला होता.

भाची : मामा, त्यातल्या बहुतेक फ्रेम खऱ्या नाहीत. त्याला फ्रेम जनरेशन म्हणतात, एनव्हिडियाच्या डीएलएसएस तंत्राचा तो एक भाग. कार्ड एक फ्रेम खरी काढतं आणि ५० च्या मालिकेत तिच्यामागे एकाहून जास्त फ्रेम अंदाजानं भरतं. दिसायला गुळगुळीत दिसतं, मी नाही म्हणत नाही. पण मधल्या फ्रेम भरायला पुढची खरी फ्रेम थोडी रोखून धरावी लागते. म्हणजे मी माऊस हलवला आणि पडद्यावर हललं, यातला वेळ कमी होत नाही, उलट थोडा वाढतो. नेमबाजीच्या खेळात तो वाढलेला वेळ म्हणजे मी मेलेली असते. डीएलएसएसचा दुसरा भाग, लहान चित्र काढून ते मोठं करणारा, तो खरंच कामाचा आहे आणि तो २० च्या मालिकेपासूनच्या सगळ्या आरटीएक्स कार्डांवर चालतो. त्यासाठी नवं कार्ड घ्यायची गरज नाही.

मामा : मग जाहिरातीतले आकडे?

भाची : ‘फ्रेम जनरेशन बंद’ असं लिहिलेला आकडा शोधायचा. तो नसेल तर आकडा नाहीच असं धरायचं.

मामानं मान डोलावली आणि प्रोसेसरकडे वळला. तिथे त्याचा हात कुणी धरत नाही.

मामा : तुझ्या त्या मैत्रिणीनं कुठला घेतला? रायझन ७ म्हणून नाचत होती तो?

भाची : रायझन ७, ७४३५एचएस. आठ कोअर आहेत.

मामा : आहेत ना. पण आकडे नीट वाच. एएमडीच्या त्या मालिकेत पहिला आकडा वर्षाचा, दुसरा दर्जाचा आणि तिसरा आतल्या रचनेचा. तिसरा ३ आहे, म्हणजे आत झेन ३ च्या पिढीचीच रचना, नव्या कपड्यात. ते मी एकवेळ चालवून घेईन, वेगानं तो वाईट नाही. पण त्यात प्रोसेसरचं स्वतःचं ग्राफिक बंद केलेलं आहे. वर्गात नुसत्या नोट्स लिहायला लॅपटॉप उघडला तरी मोठं कार्ड जागं राहतं, दुसरं कोण चित्र दाखवणार? बॅटरी बघता बघता उतरते. विचार तिला.

भाची : ती कायम भिंतीच्या प्लगजवळची जागा धरते, हे खरंय.

मामा : इंटेलकडेही अशीच गंमत. १२४५०एच आणि १३४२०एच, दोन्ही आय-५, दोन्हीत चार मोठे आणि चार छोटे कोअर. फरक थोडा. तेव्हा प्रोसेसरवर भाळून आय-७ साठी पैसे घालवू नकोस. त्या पैशात कार्ड वरचं येत असेल तर कार्ड घे. प्रोसेसरवर लावलेली कात्री तुला सगळ्यात कमी बोचेल.

भाची : फ्रेम जास्त हव्या असतील तर प्रोसेसर बोचतो, मामा. व्हॅलोरंटमध्ये तर तोच.

मामा : किती फ्रेम हव्यात तुला? तू बघतेयस त्या लॅपटॉपचा पडदा किती हर्ट्झचा?

भाची : १४४.

मामा : मग या आय-५ वर व्हॅलोरंटच्या १४४ हून जास्तच मिळतील. वरच्या फ्रेम कोणाला दाखवणार?

यावर भाचीकडे एक उत्तर होतं. फ्रेम पडद्यापेक्षा जास्त असल्या तर दाखवलं जाणारं चित्र जास्त ताजं असतं, हे ती बोललीही. पण तेवढ्यासाठी १० हजार द्यायला तीही तयार नव्हती. खरं भांडण पडद्यावरून झालं आणि ते बराच वेळ चाललं. चालायलाच हवं होतं. दुकानात लोक कार्डाबद्दल दहा प्रश्न विचारतात आणि ज्याच्याकडे चार वर्षं रोज बघायचं आहे त्या पडद्याबद्दल एकही विचारत नाहीत.

मामा : पडदा कसला आहे ते बघितलंस?

भाची : फुल एचडी, १४४ हर्ट्झ, आयपीएस. अजून काय बघायचं?

मामा : रंग. ४५ टक्के एनटीएससी असं कुठे लिहिलंय का बघ.

भाची : लिहिलंय.

मामा : मग तो लॅपटॉप बाद.

भाची : अरे, का? मला फोटो एडिट करायचे नाहीत. शत्रू दिसला म्हणजे झालं.

मामा : ४५ टक्के एनटीएससी म्हणजे एसआरजीबीच्या हिशेबानं ६० ते ६५ टक्के रंग. लाल रंग विटकरी दिसतो. तुझ्या फोनवर जे चित्र जिवंत दिसतं ते इथे धुतल्यासारखं. तू ब्लेंडर शिकणार म्हणतेस आणि रंगच खोटे बघणार.

भाची : रंगाचं मी पुढे बघीन. एक मॉनिटर घेईन बाहेरून.

मामा : घे. कीबोर्डही घे, माऊस आहेच. मग टेबल. आणि झाला डेस्कटॉप. मी पहिल्यापासून काय सांगत होतो?

भाची : हे बरं आहे तुझं!

मामा : बरं, रंग राहू दे. तुझ्याच धंद्यातलं बोलतो. १४४ हर्ट्झ म्हणजे एका सेकंदात १४४ चित्रं, एका चित्राला जेमतेम ७ मिलिसेकंद. बरोबर? पण असल्या कित्येक स्वस्त पॅनेलमध्ये एका ठिपक्याला एका रंगातून दुसऱ्या रंगात जायलाच २० मिलिसेकंदांहून जास्त लागतात. म्हणजे मागचं चित्र पुसलं जाण्याआधी पुढची दोन येऊन बसतात. पळणाऱ्या माणसामागे सावलीची शेपूट दिसते. खोक्यावर १४४ खरं आहे, पण तुला दिसतं ते १४४ नाही.

भाचीनं फोन काढून मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावला, लॅपटॉप उघडायला सांगितला, मग स्वतःच म्हणाली की फोनच्या कॅमेऱ्यातून ते कळणार नाही. पण शेपटीचा मुद्दा तिला लागला. रंग हा तिच्या लेखी चोचला होता. धूसर शत्रू हा अपमान होता. मामानं तिला तिच्या भाषेत हरवलं आणि मला ते योग्य वाटलं. १०० टक्के एसआरजीबी असलेला पडदा बहुतेक वेळा बाकी गुणांनीही बरा असतो. ब्राइटनेस २५० ऐवजी ३०० निट्स किंवा पुढे असतो आणि ठिपकेही जरा चपळ असतात. आणि पडदा नंतर बदलणं मामासारख्याच्या दुकानातही परवडत नाही.

मामा : रॅमचं मात्र सोपं आहे. ८ जीबीचा घे, स्लॉट रिकामा असतोच, सहा महिन्यांनी मी ८ टाकून देतो. कंपनीच्या भावापेक्षा निम्म्यात.

भाची : हा सल्ला दोन वर्षांपूर्वीचा आहे, मामा.

मामा : हं. ते बाकी खरं.

भाची : २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव कुठे गेले तुलाच माहीत. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी पुरवण्यात सगळे कारखाने गुंतलेत. डिसेंबरात मायक्रॉननं क्रुशल हा आपल्यासारख्यांना रॅम विकणारा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. तुझ्याच काउंटरवर त्याची पाकिटं टांगलेली असायची. उलट आता जो लॅपटॉप १६ जीबी घेऊन येतो, त्यातली रॅम आपल्याला जुन्या भावानं मिळण्याची शक्यता आहे.

मामा : असेल तर घे. पण १६ एका पट्टीत आहे की ८-८ च्या दोन पट्ट्यांत, ते बघ. एकच पट्टी असली की मेमरीचा रस्ता अर्धाच उघडा राहतो, खेळात फ्रेम पडतात.

भाची : पण एका पट्टीचा फायदाही आहे. दुसरा स्लॉट रिकामा राहतो, भाव उतरले की अजून १६ घालता येतील. दोन ८ असल्या तर एक काढून टाकावी लागेल.

मामा : भाव उतरतील असं तू धरून चाललीयस.

भाची : तू नाही?

मामा यावर काही बोलला नाही. गेली तीस वर्षं प्रत्येक सुट्या भागाचा भाव शेवटी खाली येताना त्यानं पाहिलेला आहे, तरी या वेळी त्याला खात्री देता आली नाही. एक गोष्ट मात्र त्यानं ठासून सांगितली : काही पातळ लॅपटॉपांत रॅम सोल्डर केलेली असते, तिथे स्लॉटच नसतो. ते आधी विचारायचं. एसएसडीचं दोघांनीही अर्ध्या मिनिटात उरकलं. ५१२ जीबी आज पुरेल, हल्लीचा एकेक खेळ १०० जीबी खातो म्हणून उद्या पुरणार नाही, तेव्हा दुसरा एम-डॉट-टू स्लॉट असावा.

मग मामानं उष्णतेचा विषय काढला.

मामा : माझ्याकडे एप्रिल-मे मध्ये गेमिंग लॅपटॉपांची रांग लागते. सगळ्यांची तक्रार एकच : पहिली दहा मिनिटं पळतो, मग बसतो. खोलीत ३८-४० डिग्री, लॅपटॉप गादीवर, खालची जाळी चादरीनं बंद. आतली चिप ९५ डिग्रीला जाते आणि मशीन स्वतःला वाचवायला वेग कमी करतं. यात बिघाड काही नाही. कापसासारखी धूळ काढतो, थर्मल पेस्ट बदलतो, लोक मला जादूगार समजतात.

भाची : मी फ्रेमवर मर्यादा घालते. १४४ ला कुलूप. कार्डाला उगाच ३०० काढू द्यायच्या नाहीत, मशीन बरंच थंड राहतं.

मामा : छान करतेस. पण बॉडी बघ. दोन पंखे, मागून आणि बाजूनं हवा जायला जागा, तळ टेबलापासून जरा उंच. जाड आणि कुरूप दिसला तरी चालेल. बारीक लॅपटॉपवर त्यांनी पंख्याला कात्री लावलेली असते.

भाची : जाडाचं वजन अडीच किलो, वर चार्जरची वीट. रोज पीएमपीच्या बसमध्ये उभं राहून मी नेऊ शकेन का, हा विचार तुझ्या डोक्यात येत नाही, कारण तू तो टेबलावर ठेवून दुरुस्त करतोस.

मामा : चार्जर नेऊ नकोस मग.

भाची : वा! बॅटरीवर कार्ड निम्म्या ताकदीनंही चालत नाही. आणि बॅटरी ५० वॅट-अवरची असली तर कॉलेजचा दिवसही निघत नाही.

मामा : कॉलेजात कोण खेळायला सांगतंय? तिथे नोट्स लिही. यूएसबी-सी नं चार्ज होणारा बघ, फोनसारखा छोटा ६५-१०० वॅटचा चार्जर पिशवीत टाक, मोठा घरी ठेव.

हा तोडगा भाचीला सुचला नव्हता आणि तो चांगला आहे. या किमतीतल्या सगळ्या मॉडेलांत ही सोय नसते, नुसतं यूएसबी-सीचं भोक असणं पुरत नाही, म्हणून विचारून घ्यावं.

एवढ्यात आतून भाचीच्या आईनं विचारलं की हे गेमिंग सरकारनं बंद केलं ना, मग त्याचा लॅपटॉप कशाला? हा प्रश्न मी बऱ्याच घरांत ऐकला आहे. ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानं बंदी आली ती पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर. ई-स्पोर्ट्सना त्याच कायद्यानं मान्यता दिली. भाचीनं हे आईला समजावलं, आईनं ‘बरं’ म्हटलं. त्या ‘बरं’चा अर्थ सगळ्यांना कळला.

मामा : दाजी म्हणत होते नो-कॉस्ट ईएमआयवर घेऊ, व्याज लागत नाही.

भाची : लागतं. बँक व्याज लावते, दुकानदार तेवढी सूट आधी देतो. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी आपल्यालाच पडते. शिवाय एकरकमी पैसे भरणाऱ्याला कधीकधी ती सूट पूर्ण मिळते. मी दोन्ही हिशेब करून बाबांना पाठवलेत.

मामा : माझी शेवटची अट. सर्व्हिस. मागे एका गिऱ्हाइकाचं बिजागर वर्षाच्या आत तुटलं. कंपनी म्हणाली तुम्ही आपटलात, वॉरंटीत बसत नाही. झाकणासकट खर्च त्याच्या गळ्यात. तेव्हा घरी येऊन दुरुस्ती करणारी वॉरंटी आणि पडझडीचं संरक्षण आधीच जोडून घे. दोन-तीन हजार जातील.

भाची : त्या दोन-तीन हजारांत मी ९० च्या वर जाते.

मामा : मग आय-७ सोडलास तसा रंगीत दिव्यांचा कीबोर्ड सोड.

भाची : तो एका रंगाचाच आहे, मामा. तिथेही कात्री लावलेलीच आहे.

दोघांचं कुठे जुळलं हे सांगायला हरकत नाही. ८ जीबी मेमरीचं कार्ड, ते ८० वॅटच्या वर. १०० टक्के एसआरजीबी पडदा. १६ जीबी रॅम आणि स्लॉटची खात्री. प्रोसेसर आय-५ किंवा रायझन ५, पण स्वतःचं ग्राफिक असलेला. जाडीवर दोघांचं एकमत झालं नाही. मॉडेलाची किंमत मी मुद्दाम लिहीत नाही, ती दर आठवड्याला हलते आणि दिवाळीच्या सेलमधला भाव मार्चमध्ये उपयोगी पडत नाही. या यादीतलं सगळं ९० हजारांत जमत नसेल तर माझ्या मते आधी प्रोसेसर उतरवावा, मग एसएसडी, मग दिसणं. पडदा आणि कार्डाची मेमरी शेवटपर्यंत सोडू नये, कारण पडदा नंतर बदलणं परवडत नाही आणि मेमरी बदलताच येत नाही.

एक गोष्ट मात्र दोघांच्याही बोलण्यात आली नाही, म्हणून वाचकांना सांगतो. एकाच नावाचा लॅपटॉप बाजारात चार-पाच वेगवेगळ्या पडद्यांनिशी आणि वेगवेगळ्या वॅटच्या कार्डांनिशी विकला जातो. नुसतं ‘व्हिक्टस १५’ किंवा ‘एलओक्यू’ म्हणून ऑर्डर देऊ नका. खोक्यावर आणि लॅपटॉपच्या तळाशी अक्षरं-आकड्यांचा लांब मॉडेल क्रमांक असतो. तो कंपनीच्या वेबसाइटवर टाकून पडदा, वॅट आणि रॅम जुळवून घ्या आणि बिलावर तोच पूर्ण क्रमांक लिहायला लावा. दुकानदार कंटाळा करील, तरी लिहून घ्या.